नाव तेच, वॅट वेगळे

असेंबल केलेले पीसी विकणाऱ्याने गेमिंग लॅपटॉपचं कौतुक करू नये, असा आमच्या धंद्यातला अलिखित नियम आहे. कारण उघड आहे. पीसी जुळवताना दहा वस्तू विकल्या जातात, प्रत्येकीवर दोन पैसे सुटतात आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी रॅम वाढवायला, त्याच्या पुढच्या वर्षी कार्ड बदलायला परत येतं. लॅपटॉप खोक्यातून निघाला की व्यवहार संपला. त्यातही गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइनचा भाव दाखवणार, आणि तो भाव मला घाऊक खरेदीत मिळतो त्याहून कमी निघाला तर मी हसून चहा मागवणार. नागपुरात बर्डीवर पंचवीसेक वर्षं दुकान चालवल्यावर या गोष्टीचं वाईट वाटेनासं झालं आहे. गेल्या काही वर्षांत मात्र माझ्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे : ‘डेस्कटॉप काढून टाकतो, त्याच्या जागी चालेल असा भारीतला लॅपटॉप सांगा.’ त्या निमित्ताने जे पाहिलं, उघडलं, पुसलं, ते लिहितो आहे.

दुकान सुरू केलं तेव्हा असा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्ही चेष्टेवारी नेली असती. पोरं ‘व्हाइस सिटी’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायची, लोडशेडिंग दिवसाचे कित्येक तास असायचं आणि यूपीएसची किंचाळी ऐकली की गेम सेव्ह करायला धावायचं. लॅपटॉप म्हणजे साहेबाच्या बॅगेतली चीज, त्यावर पत्ते खेळावेत. चित्र पालटलं ते २०१६ मध्ये. एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डांची १० मालिका आली आणि लॅपटॉपच्या कार्डामागे लागणारं ‘एम’ हे शेपूट गळालं. डेस्कटॉपमध्ये जी चिप, जवळपास तीच लॅपटॉपमध्ये. त्या वर्षापासून ‘लॅपटॉपवर डेस्कटॉपइतकंच चालतं’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. वाक्य तेव्हा बऱ्यापैकी खरं होतं. पुढे चिपा बदलल्या, वाक्य तसंच राहिलं.

मग २०२१ साल उजाडलं. चिपांचा तुटवडा आणि कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, दोन्ही एकाच वेळी. ग्राफिक्स कार्ड छापील किमतीच्या दुप्पट भावातही मिळेना. एका विद्यार्थ्याचं जुनं कार्ड जळालं होतं. तो नुसत्या कार्डाचा भाव विचारून गेला, दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, ‘भाऊ, तेवढ्यात तर अख्खा लॅपटॉप येऊन राहिला, आत त्याच नावाचं कार्ड टाकून!’ हिशोब बिनचूक होता. त्या काळात कित्येकांनी लॅपटॉप घेतला तो केवळ त्याच्या पोटातल्या कार्डासाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि कार्डं पुन्हा माणसात आली. तोवर लोकांच्या टेबलावरून कॅबिनेट खाली उतरलं होतं आणि तिथे लॅपटॉप बसला होता.

‘त्याच नावाचं कार्ड’ हीच सगळी मेख.

त्याच सुमारास दुकानात दोन लॅपटॉप एकदम आले होते. दोन्हींवर ३०६० कार्डाचं स्टिकर. एक सडपातळ, हातात घ्यावासा वाटणारा. दुसरा जाडजूड, मागच्या बाजूला झडपा. वडिलांसोबत आलेल्या एका पोराची नजर पातळ्यावरून हटेना. मी दोन्ही काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले, दोन्हींत ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’मधली चाचणी एकाच सेटिंगवर लावली. चाचणी संपली तेव्हा दोघांत सेकंदाला वीसेक फ्रेमचा फरक होता.

‘काका, पण दोन्हींवर ३०६०च लिहिलं आहे न?’

‘लिहिलं आहे. आता खालचं बारीक अक्षर वाच.’

पातळ्यात त्या चिपला ८० वॅट मिळत होते, जाड्यात १३०. चिप एकच, खुराक वेगळा. लॅपटॉपची चिप किती वीज पिणार हे चिप ठरवत नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि कंपनीला ते ठरवावं लागतं आत केवढा पंखा नि केवढा तांब्याचा पाइप मावतो त्यावरून. २०२१ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना हा वॅटचा आकडा जाहीर करायला लावला, तेव्हापासून तो छापला जातो, पण कुठे? माहितीच्या पानावर सर्वांत खाली. मी गिऱ्हाइकाला आधी ते पान खालून वर वाचायला सांगतो.

यात एक गंमत आहे, जी पैसेवाल्या गिऱ्हाइकाला पटवणं फार अवघड जातं. नावातलं अंतर सगळीकडे सारखं नाही. ४०६० घ्या : लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची चिप एकच, कोअर दोन्हींत ३०७२, मेमरी दोन्हींत ८ जीबी. डेस्कटॉपचं कार्ड ११५ वॅटवर चालतं, आणि चांगल्या लॅपटॉपमध्येही तेवढे वॅट मिळतात. म्हणजे इथे नाव बऱ्यापैकी प्रामाणिक. एक पायरी वर ४०७० : डेस्कटॉपला १२ जीबी, लॅपटॉपला ८. आणि अगदी शेंड्यावर ४०९०. डेस्कटॉपचं कार्ड ४५० वॅटचं, १६,३८४ कोअरचं, २४ जीबीचं. लॅपटॉपची ४०९० म्हणजे मुळात डेस्कटॉपच्या ४०८० मधली चिप : कोअर ९७२८, मेमरी १६ जीबी, आणि वीज जास्तीत जास्त १७५ वॅट. २०२५ मध्ये आलेल्या ५०९० ची तीच गत. डेस्कटॉपवर ५७५ वॅट आणि ३२ जीबी. लॅपटॉपवर तेच १७५ वॅट आणि २४ जीबी. जितके पैसे जास्त, तितकं नाव आणि माल यांच्यातलं अंतर जास्त. अशा लॅपटॉपांच्या किमती चार लाखांच्या पुढे जातात. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, तीन किलोंच्या वस्तूत एवढं मावतं हे कौतुकच आहे. पण डेस्कटॉपची ५०९० बॅगेत भरून नेतोय असं समजून कोणी पैसे मोजत असेल तर त्याला थांबवणं माझं काम आहे.

उलट बाजूही सांगतो. वॅट हेच सर्वस्व मानणारी एक नवी जमात आता तयार झाली आहे. ‘१४० वॅटची ४०६० आहे का?’ म्हणून विचारतात. त्या चिपला शंभरेक वॅटच्या पुढे दिलेल्या विजेचं फारसं चीज होत नाही, ती नुसती गरम होते. तेव्हा खालच्या चिपला वॅट फार मोजू नयेत, वरच्या चिपला जरूर मोजावेत.

आता आमच्या गावाचा मुद्दा, जो मुंबई-पुण्याच्या सल्लागारांना सुचत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात असतो. बंद खोलीत ३८-४० सहज. लॅपटॉपची चाचणी करणारी मंडळी एसीत बसून आकडे छापतात. लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत ओढून गरम पात्यांवरून बाहेर फेकतो. आत जाणारी हवाच चाळिशीची असेल तर प्रोसेसर शंभर अंशांना लगेच भिडतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मार्चपर्यंत सुरळीत चाललेला लॅपटॉप मेमध्ये ‘हँग होऊन राहिला’ म्हणून घेऊन येणारे दरवर्षी असतात. बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं. कोणी तो गादीवर ठेवून खेळत असतो, कोणी मांडीवर उशी घेऊन. खालच्या जाळ्या बंद म्हणजे नाक दाबून पळायला लावल्यासारखं. मागची बाजू दोन इंच उचलली आणि गेमला नव्वद फ्रेमची मर्यादा घातली तरी पुष्कळ आराम पडतो. पैसा शून्य. त्यामुळे असा सल्ला कोणाला खरा वाटत नाही. दोन हजारांचं कूलिंग पॅड सांगितलं की लगेच खरं वाटतं.

आणि कूलर. आमच्याकडे घरोघरी खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला की तापमान झकास उतरतं, हे मी स्वतः मोजलं आहे. पण त्या हवेत पाण्याचे तुषारही येतात. दोन उन्हाळे कूलरच्या झोतात काढलेल्या लॅपटॉपचे स्क्रू गंजलेले आणि यूएसबीच्या खाचेत हिरवट थर, असं माझ्या टेबलावर बऱ्याचदा आलं आहे. कूलर खोलीत असू द्या, झोतात नको.

सर्वांत लक्षात राहिलेला लॅपटॉप हिंगणघाटकडून आला होता. घरचा जिनिंगचा धंदा, घर कारखान्याच्या आवारातच. मुलाने डेस्कटॉप काढून महागडा लॅपटॉप घेतला होता. वर्षभरात पंखे सतत किंचाळायला लागले. मी मागचं झाकण काढलं. वरून बोर्ड चकचकीत. पंखा मोकळा केला तर पंखा आणि तांब्याची पाती यांच्यामधल्या फटीत कापसाचा तूस बसलेला, करडा, दाबून घट्ट झालेला. चिमट्याने एक टोक धरून ओढलं, तर पात्यांच्या लांबीची अख्खी पट्टी एका तुकड्यात बाहेर आली. दुसऱ्या पंख्यात तशीच दुसरी. बाहेरून ब्लोअर मारून हे निघत नाही, उलट आणखी आत ठासलं जातं. पट्ट्या काढल्या, बंद केला, तोच गेम लावला. वीसेक अंशांचा फरक. मुलाचे वडील शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, ‘आमच्या मशीनीले पण असंच होते. रोज साफ करा लागते.’ डेस्कटॉपच्या कॅबिनेटला ही अडचण नव्हती असं नाही. तिथेही तूस जायचा, पण झाकण उघडून ब्रश फिरवायला घरचा माणूस पुरे. लॅपटॉप उघडायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. काही महागड्या लॅपटॉपांत चिपवर पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असतं. ते वीज वाहतं, थेंब भलतीकडे गेला तर बोर्ड गेला. अशा मशीनला मी पंखे साफ करण्यापलीकडे हात लावत नाही, आणि गिऱ्हाइकालाही लावू देत नाही.

सगळेच चुकीच्या कारणाने लॅपटॉप घेतात असं कोणी समजू नये. एक आर्किटेक्ट बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. डेस्कटॉपवर रेंडर लावून साइटवर जायच्या, क्लायंटने एक भिंत हलवली की परत येऊन पुन्हा रेंडर. कामं रायपूर आणि अमरावतीपर्यंत पसरली तेव्हा त्यांनी विचारलं. त्यांना फ्रेमशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा सीन कार्डाच्या मेमरीत मावतो का, हा प्रश्न होता. त्यांच्या फायली पेन ड्राइव्हवर मागवून दुकानात उघडून पाहिल्या. ८ जीबीत गुदमरत होत्या, १२ मध्ये कशाबशा, १६ मध्ये निवांत. त्यामुळे त्यांच्यासाठी शेंड्यावरचा लॅपटॉप हाच योग्य निघाला, वॅटसाठी नव्हे तर मेमरीसाठी. त्यांनी सोबत २७ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि ऑफिसात कायम ठेवायला दुसरा अडॅप्टर घेतला. दुसऱ्या अडॅप्टरचा आग्रह माझा होता. ३३० वॅटची ती वीट वायरीसकट किलोच्या आगेमागे भरते, आणि लोक लॅपटॉपचं वजन विचारतात, विटेचं विचारत नाहीत.

बॅटरीबद्दलही असाच गैरसमज. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून भारी लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ वर येऊन थांबतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून दोनशे वॅट ओढायला लागले तर ती अर्धा तासही पुरायची नाही. म्हणून वायर काढली की मशीन स्वतःच वेग खाली आणतं. ‘प्रवासात गेम खेळेन’ म्हणणाऱ्याला मी हे आधी सांगतो. रेल्वेच्या डब्यातलं सॉकेट मोबाइलपुरतं, तिथे ती वीट खुपसायची नाही. मात्र बॅटरीचा आमच्याकडे एक मोठा फायदा आहे : लाइट गेली तर काम जात नाही. ज्याने यूपीएसच्या किंचाळीत वीस वर्षं काढली त्याला याची किंमत कळते.

बारावीनंतर मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला निघाला की बाप दुकानात येतो. ही दर जुलै-ऑगस्टची वारी. असाच एक बाप-लेक. मुलाच्या मोबाइलमध्ये यादी तयार, पहिलं नाव साडेतीन लाखांचं. बापाची तयारी होती, हेच मला खटकलं. मी मुलाला म्हटलं, ‘बेटा, कॉलेजात रोज नेणार का?’ म्हणाला, ‘हो न.’ दुकानात नमुन्याचा होता तो त्याच्या सॅकमध्ये भरला, वर वीट ठेवली आणि म्हटलं, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन ये. परत आला तेव्हा पट्टा दुसऱ्या खांद्यावर होता. शेवटी त्याने ४०६० चा, दोन-सव्वादोन किलोंचा घेतला. उरलेल्या पैशांत चार वर्षांची वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्यायला लावलं. हॉस्टेलात चहा सांडतोच. वॉरंटीचा खर्च लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो, पण लॅपटॉपमध्ये कार्ड, प्रोसेसर, बोर्ड एकाच पाटीवर असतं. एक गेलं की सगळं बदला. डेस्कटॉपमध्ये वीज पुरवणारं एसएमपीएस उडालं तर संध्याकाळपर्यंत नवीन बसतं.

हाच मला डेस्कटॉपचा सर्वांत मोठा गुण वाटतो, वेगापेक्षाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचं कॅबिनेट २०११ चं आहे. आत त्या सालातलं काहीच उरलेलं नाही. बोर्ड, रॅम, कार्ड सगळं टप्प्याटप्प्याने बदललं. त्याच्या मुलीचा पहिला पगार झाला तेव्हा तिने त्यात एसएसडी टाकून दिली. लॅपटॉपमध्ये फार तर रॅम आणि एसएसडी बदलता येते, आणि पातळ मॉडेलांत रॅमही बोर्डावरच डकवलेली असते. विकत घेताना त्यात रॅमच्या एक की दोन पट्ट्या आहेत, हेही विचारावं. १६ जीबीची एकच पट्टी घालून स्वस्त दाखवलेले लॅपटॉप आपल्याकडे सर्रास विकले जातात. ८ च्या दोन पट्ट्या असत्या तर तोच लॅपटॉप काही गेममध्ये ठळकपणे जास्त चालला असता.

मी स्वतःही डेस्कटॉप काढला, हे सांगायलाच हवं. मुलगी पुण्याला, तिथे जाणं वाढलं, आणि रात्री दुकान मिटल्यावर फ्लाइट सिम्युलेटर उडवायची मला सवय. ४०९० चा परवडणारा सौदा समोर होता. मी त्याच कंपनीचा, त्याच सांगाड्याचा ४०८० वाला घेतला. पंखे तेच, पाइप तेच, चिप एक पायरी खालची, म्हणजे तिला श्वास घ्यायला जागा जास्त. शिवाय सिम्युलेटर बहुतेक वेळ प्रोसेसरवर अडतो, कार्डावर नव्हे. गेल्या दोन उन्हाळ्यांत तक्रार नाही. चुकल्यासारखी वाटते ती शांतता. कॅबिनेटमधले बारा सेंटिमीटरचे पंखे संथ फिरायचे, ऐकूही यायचे नाहीत. लॅपटॉपचे चपटे पंखे मिनिटाला पाच हजार फेऱ्या घेतात. बायको दुसऱ्या खोलीतून विचारते, ‘मिक्सर लावला का?’ मी कानाला हेडफोन लावतो, पण तेवढ्याने तिचा प्रश्न सुटत नाही.

सध्या एक वन्यजीव छायाचित्रकार डोकं खाऊन राहिला आहे. ताडोबा, पेंच, कान्हा असं सतत फिरणं, व्हिडिओ भरमसाट, घरी जुना डेस्कटॉप. त्याला शेंड्यावरचा लॅपटॉप हवा. मी विचारलं, जंगलात असताना खरंच एडिटिंग करतोस का? म्हणाला, रात्री रिसॉर्टवर फक्त कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करतो आणि चांगले-वाईट निवडतो; खरं काम घरी आल्यावर. मग मी कागद पुढे ओढला. त्याच चार लाखांत घरी चांगला डेस्कटॉप आणि बॅगेत दीड किलोचा साधा लॅपटॉप, दोन्ही बसतात. त्याचं म्हणणं, दोन मशीन म्हणजे दोन जागी फायली, आणि परवा नेमकी हवी ती फाइल घरी राहणार. यात तथ्य आहे. मी स्वतः त्याच कारणाने एकच मशीन ठेवलं. दोन्हींचं कोटेशन काढून दिलं आहे. रॅमचे भाव वर चालले आहेत, तेव्हा फार दिवस लावू नको एवढं बजावलं. शनिवारी येतो म्हणाला आहे, बायकोला घेऊन.